लाकूड ढकलायचा दांडा

घराच्या दारांसाठी मानवतच्या एका वखारीत माझ्या खेपा चालू होत्या, तेव्हा तिथला एक मिस्त्री पाहिला. नाव कधी विचारलं नाही. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. गोल करवतीवर पट्टी कापताना हात पात्याजवळ जाऊ नये, म्हणून तो टाकाऊ फळकुटांतून लाकूड ढकलायचे दांडे बनवायचा. दांड्याच्या टोकाला खाच पाडायची, अंगठ्यानं ती चाचपायची, पुन्हा कानस फिरवायची. जेवणाच्या सुट्टीत घास चघळतानाही त्याचं हेच चालायचं.

मालक सकाळी चहाची चूल पेटवायचा, ती याच दांड्यांवर. "वेळ खातेत हे," म्हणायचा. मिस्त्री गुमान नवे करायला बसायचा.

"सांगत का नाही त्यांना?" मी एकदा विचारलं.

"त्यांची बोटं शाबूत हायत, भाऊ. सांगून काय उपयोग?"

दिवाळीनंतर तो बाजारपेठेत ऊसतोडीच्या ट्रकजवळ उभा दिसला. काम सावकाश करतो म्हणून मालकानं त्याला काढून टाकलं होतं.

"तिकडे जपून राहा," मी म्हणालो.

"कशाला जपायचं? तिथं नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतेत. एक कोयता मोडला की मुकादम दुसरा आणतोय."

त्याची बायको ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.