सत्त्याण्णव पॉइंट चार

दिवाळीच्या सुट्टीची घंटा होऊन तासही झाला नव्हता, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पडवीत माझी रॅपिड अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह आली. रॅपिड अँटिजेन म्हणजे नाकात काडी घालून थोड्या वेळात निकाल देणारी तपासणी. काडी आत गेली तशी मला उलटी झाली. समोरच्या बादलीत माझ्याआधीच्यांचं काय काय पडलं होतं ते दिसलं आणि दुसऱ्यांदा झाली. तपासणाऱ्या सिस्टरनी विचारलं, "मॅडम, तुम्ही शाळेवर ना?" मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला.

देवळाली प्रवराच्या अलीकडे एका गावात मी पाचवी ते आठवीला शिकवते. मला किळस लवकर येते. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी पीत नाही आणि एसटीच्या दांड्याला रुमालाशिवाय हात लावत नाही. सासूबाई मला सोवळी म्हणतात. त्यामुळे शाळेत कोविडची सगळी कामं माझ्याकडे आली. थर्मल गन माझ्याकडे आणि तापमान नोंदवहीही माझ्याकडेच.

थर्मल गन म्हणजे कपाळासमोर धरून ताप मोजायचं यंत्र. आमची गन कुणाच्याही कपाळाला लावा, चौऱ्याण्णव दाखवायची. तिच्या हिशेबानं आमची सगळी शाळा गारठून मेलेली होती. दुसरी मागवली, आली नाही. मग मी मनानं आकडे लिहायला लागले. कुणालाही लागोपाठ दोन दिवस सारखा आकडा द्यायचा नाही आणि अठ्ठ्याण्णव पॉइंट चारच्या वर जायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की पान अगदी खरं दिसायचं. हेडसर ते दर आठवड्याला इतर शिक्षकांना दाखवायचे. म्हणायचे, "नोंदी कशा असाव्यात, बघा."

सुट्टीआधीच्या सोमवारी प्रथम सत्राचे पेपर तपासायचे पडले होते. मी स्टाफरूममध्ये बसून शनिवारपर्यंतचा सगळा आठवडा एका बैठकीत भरून टाकला. सहा दिवसांचे ताप, सोमवारीच.

त्याच सोमवारी सकाळी फाटकापाशी आमचे शिपाई भागाजीमामा म्हणाले होते, "बाई, अंग लई मोडून आलंय. कनकन वाटती." मामा साठीला आलेले. शाळेच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि वस्तीवर घरी फक्त रविवारी जायचे. मी त्यांच्या कपाळाला गन लावली. चौऱ्याण्णव. मी लिहिलं, सत्त्याण्णव पॉइंट चार. आणि प्रथमोपचार पेटीतली तापाची गोळी देऊन म्हणाले, "मामा, शनिवारपर्यंत ओढा. मग सुट्टीच आहे."

असं का म्हणाले? तेव्हा आमच्याकडे पेशंट सापडले की गावंच्या गावं बंद होत होती. ऐन दिवाळीत गाव बंद पाडणारी शाळा आम्हाला व्हायचं नव्हतं. गुरुवारी मला स्वतःला ताप भरला. माझ्या नावापुढे सोमवारीच सत्त्याण्णव पॉइंट आठ लिहिलेलं होतं. मीही गोळी घेतली आणि वर्गात उभी राहिले, आकाशकंदील करून घेतले, मुलांच्या डिंकानं बरबटलेल्या बोटांना हात लावला. आज ते आठवलं की माझा हात मला नकोसा होतो.

शनिवारी संध्याकाळी कोविड सेंटरला दाखल झाले. एक लांबलचक हॉल, मधोमध हिरवा पडदा. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, माझं सत्त्याण्णव होतं. डॉक्टर म्हणाले, "चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर काळजी. तुम्ही आराम करा."

आराम कसला! बेसिनमध्ये कुणाचा तरी पिवळा बेडका मी आले तेव्हापासून तसाच. चादरीवर आधीच्या पेशंटचा केस. शेजारच्या बाई रात्रीचं उकडलेलं अंडं पिशवीत घालून उशाखाली ठेवायच्या. संडासाचं तर लिहीतच नाही. मी तोंडावर पदर धरून पडून राहिले आणि मनातल्या मनात सगळ्यांना घाणेरडे म्हणत राहिले.

रविवारी सकाळी पडद्यापलीकडे भागाजीमामांना आणलं. आवाजावरून कळलं. त्यांची सून संगीता सोबत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?"

"कालपास्नं," संगीता म्हणाली. "काल घरी आलं तवा अंग तापलं हुतं. त्याच्या आधी न्हवता, सायेब. शाळंत रोज मोजत्यात." तिनं मोबाईल पुढे केला असणार, कारण डॉक्टर आकडे वाचायला लागले. हेडसर दर शनिवारी त्या पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचे. माझं अक्षर सुवाच्य आहे. त्यांना कुठेही अडखळावं लागलं नाही.

"बाबा, खरंच कालपासून का?"

मामा धापा टाकत म्हणाले, "व्हय. काल... कालच."

"म्हणजे दुसरा दिवस. चौऱ्याण्णव आहे. स्टिरॉइड इतक्या लवकर नको, लक्ष ठेवू." स्टिरॉइड म्हणजे फुप्फुसाची सूज उतरवणारं औषध. लवकर दिलं तर अपाय करतं आणि उशीर झाला तर उपयोग होत नाही, हे मला नंतर कळलं. पण आजाराचे दिवस मोजण्याला महत्त्व असतं, एवढं तेव्हाही कळलं.

तो दुसरा दिवस नव्हता, सातवा होता. हे त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं. मामांनाही माहीत असणार, पण ते माझी नोकरी वाचवतायत असं मला वाटलं. आणि मी? मी त्यांना वाचवू दिली.

दहा वाजता चौऱ्याण्णव. बारा वाजता ब्याण्णव. जेवण आलं, मी वरणभात चिवडत बसले. हेडसरांचा फोन आला. तब्येत विचारून झाल्यावर म्हणाले, "नोंदवही तुमच्या कपाटात आहे ना? नीट राहू द्या." मी हो म्हणाले. मला माझ्या आवाजाची शिसारी आली. बेसिनमधल्या बेडक्याकडे मी कालपासून तोंड वाकडं करून बघत होते. त्यापेक्षा घाण गोष्ट माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली होती.

दोन वाजता पलीकडून डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "नव्वद? दुसऱ्या दिवशी इतकं कसं पडतंय?"

मी उठले आणि पडदा बाजूला केला. मामांचं तोंड उघडं होतं, ओठ जांभळट झाले होते. मी म्हणाले, "डॉक्टर, आज सातवा दिवस आहे. सोमवारपासून ताप आहे त्यांना. त्या फोटोतले आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत."

डॉक्टरांनी मान वर केली. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्याएवढे असतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, सकाळी तुम्ही इथंच होतात." मग सिस्टरकडे वळले. ऑक्सिजन लावला, स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, नगरला बेड विचारला. तासाभरात अँब्युलन्स आली. संगीता माझ्या अंगावरून गेली. तिनं पदर आवरून घेतला, मला शिवू नये म्हणून.

सहाव्या दिवशी मला घरी सोडलं. मामा तिकडे नगरलाच, ऑक्सिजनचा मास्क लावून. त्यांचा एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक काप दाखवणारा स्कॅन, वाईट आला होता. घरात यंदा मी कशालाच हात लावला नाही. मुलीनं आणून दिलेला लाडू तसाच राहिला. मामा गेले असते तर ही दिवाळी मला जन्मभर पुरली असती.

पण ते वाचले. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी मी वस्तीवर गेले. मामा बाजेवर बसले होते, गळ्याची हाडं वर आलेली. संगीतानं चहा आणून ठेवला आणि आत निघून गेली.

मी म्हणाले, "मामा, माझ्यासाठी डॉक्टरांशी खोटं बोलायला नको होतं. जीव गेला असता तुमचा."

मामांना ते कळलंच नाही. "खोटं कवा बोललो?"

"ताप कालपासून आहे म्हणालात ना?"

"मंग? आठवडाभर कनकन वाटत हुती, पर तुमी मशीन लावून बगितलं, वहीत लिवलं. ताप न्हाई." ते दम खायला थांबले. "आमाला काय कळतंय, बाई. मला वाटलं, माजंच अंग खोटं बोलतंय."

मी तो चहा प्यायले. कपाचा कान फुटलेला होता आणि साय माशी बसल्यासारखी काळपट होती. पूर्ण प्यायले.

शाळा उघडली त्या दिवशी सोमवारी भरलेल्या त्या पानावर मी लाल रेघ मारली, खाली "खोट्या नोंदी" असं लिहून सही केली आणि हेडसरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "मॅडम, सगळीकडे असंच चालतं." वरून खुलासा मागणारं पत्र आलं, मी उत्तर दिलं. काय व्हायचं ते होवो.

हे वाचणाऱ्यांना एकच सांगणं. घरात कुणी आजारी पडलं तर डॉक्टरांना पहिला दिवस खरा सांगा, मग त्यात कुणाची कितीही लाज जावो. त्या तरुण डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्यांनी मला दोष देण्यात वेळ घालवला नाही, मामांकडे वळले.

नवीन गन आली आहे, ती बरोबर दाखवते. नोंदवहीत मी पेन्सिलीनं एक रकाना वाढवला आहे. मामा फाटकात उभे असतात. मी आधी विचारते, "मामा, कसं वाटतंय?" ते सांगतात ते लिहिते. गन त्यानंतर लावते.