लाइट गेली तेव्हाची सात मिनिटं

रविवार, मे महिन्यातला शेवटचा. वेळ सकाळी दहा. स्थळ आमच्या कारापूरच्या घराची पडवी. हजर: माझ्या नवऱ्याचे काका, म्हणजे बाबूकाका, मोरजीचे पुरसोभाऊ, जे काकांचे जुने मित्र आहेत आणि त्याहून जुने शत्रू, बँडचे ड्रमवाले मिंगेल, इतर चाहते नऊ, सगळे सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, माझा नवरा सुधीर, आणि मी. गैरहजर: ज्यासाठी सगळे जमले होते, ती सात मिनिटं.

ती मीच काढून टाकली होती. पण दहा वाजता हे फक्त मला माहीत होतं, आणि त्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं.

बँडचं नाव ‘द सेव्हन लँटर्न्स’. (माणसं पाच. याचं स्पष्टीकरण मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मागितलं होतं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.) गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत या पाच जणांनी अख्खी डिचोली आणि अर्धं पेडणं वेडं केलं होतं म्हणे. त्यांची रेकॉर्ड कधी निघाली नाही. मागे राहिली ती एकच गोष्ट: डिचोलीच्या मैदानावरचा कार्यक्रम. काकांनी खाणीवरच्या एका साहेबाचा बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून घेतला होता. मोठ्या चकतीवरची फीत, चौऱ्याऐंशी मिनिटं.

त्या कार्यक्रमात मध्येच लाइट गेली. गिटारी मुक्या झाल्या, गाणारा मुका झाला, मैदानात मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात कुणीतरी ओरडलं,

“लायट गेली, हात गेले काय रे?”

ते ऐकून मिंगेलने एकट्याने ड्रम वाजवायला सुरुवात केली आणि लाइट येईपर्यंत सात मिनिटं थांबला नाही. टेपरेकॉर्डर बॅटरीवरचा, त्यामुळे तोही फिरत राहिला. इतकं सगळं निर्विवाद आहे. वाद एवढाच, की ओरडलं कोण? काका म्हणतात, मी. पुरसोभाऊ म्हणतात, मी. दोघांनी ती फीत तेव्हा एकदा ऐकली होती आणि दोघांनाही त्यात आपापलाच आवाज ऐकू आला होता! मग साहेब टेपरेकॉर्डर घेऊन बदलीवर गेला, तसलं दुसरं यंत्र मिळालं नाही, आणि भांडण मात्र चाळीस वर्षं बिनबॅटरीचं चालू राहिलं. मिंगेलने तर स्वतःची सात मिनिटं कधीच ऐकली नव्हती. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. “एकदां आयकूंक जाय,” एकदा ऐकायला हवं, एवढंच ते दर भेटीत म्हणायचे.

म्हणून काम मी हातात घेतलं. मी पाळी गावच्या एका खाणीच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं आहे. वस्तू शोधणं, साफ करणं, चिठ्ठी लावून जागेवर ठेवणं हाच माझा धंदा. म्हापशात एक दुकान शोधलं, जिथे जुन्या फिती सीडीवर उतरवून देतात. फीत नेऊन दिली. चार दिवसांनी दुकानदाराचा फोन.

“मॅडम, ह्यात खोकणं आहे, शिट्ट्या आहेत, पोरं रडतायत. काढू काय?”

“हे काय विचारणं झालं? काढा!”

“आणि चौऱ्याऐंशी मिनिटं एका सीडीत बसत नाहीत. दोन सीडी कराव्या लागतील.”

“चार मिनिटांसाठी दुसरी सीडी? मध्ये रिकामं काही नाही का?”

“रिकामं नाही, पण एका ठिकाणी सात मिनिटं गाणं नाही. नुसता गोंधळ आणि कुणीतरी ठोकतंय.”

“मांडव घालत असतील,” मी म्हटलं. (मिंगेलची सात मिनिटं म्हणजे गाण्यासारखंच काही असणार, अशी माझी समजूत.) “कापा.”

(त्याने “काढलेलं वेगळं जपून ठेवू का?” असंही विचारलं होतं. मी म्हटलं, “केर कुणी जपतं का?” हे वाक्य आता आमच्या घरात वारंवार उच्चारलं जातं, आणि उच्चारणारी मी नसते.)

तर रविवारी दहा वाजून पाच मिनिटांनी मी सीडी लावली. पहिलं गाणं स्वच्छ! जणू कालच धुऊन वाळत घातलंय. गाणं संपलं आणि पडवीत शांतता पसरली. पुढचं गाणं. पुन्हा शांतता.

काका खुर्चीत चुळबुळायला लागले. “अगो, टाळ्यो खंय गेल्यो?”

“काढल्या,” मी उत्साहाने म्हटलं. “शिट्ट्याही काढल्या.”

“शिट्ट्यो काडल्यो?” पुरसोभाऊ उठून उभे राहिले. “आमी थंय मयताक बसलेलों काय?”

नऊ चाहत्यांपैकी एकाने तीन शिट्ट्या स्वतःच्या म्हणून सांगितल्या, दुसऱ्याने एक रडणारं पोर आपलं म्हणून सांगितलं. कुणीही खाली बसेना. सुधीर चहा आणायला आत गेला तो आतच राहिला. मिंगेल तेवढे शांत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सीडीच्या यंत्राकडे झुकलेली.

“बाय,” ते मला म्हणाले, “आतां तें येता न्हय?”

“काय ते?”

“लायट वता तें.”

लाइट जाते ते! तेव्हा मला पहिल्यांदा दुकानदाराचं ‘कुणीतरी ठोकतंय’ आठवलं. पाचवं गाणं संपलं. त्याच्या शेपटीला लागून सहावं सुरू झालं. इतकं बेमालूम, की दुकानदाराच्या हातांचं कौतुकच करावं!

“लायट गेलीच ना!” लाइट गेलीच नाही म्हणून काका ओरडले.

“मधलं... मधलं थोडं कापलं,” मी म्हटलं. “गाणं नव्हतं काका. कुणीतरी नुसतं ठोकत होतं.”

मिंगेलने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“तो हांव,” ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले.

त्यानंतर मी जे केलं ते आपत्काळात मी नेहमी करते: ताबडतोब तीन कामं ठरवली. पहिलं, दुकानाला फोन. दुकानदार म्हणाला, काढलेला भाग गेल्याच आठवड्यात पुसला, “तुम्हीच केर म्हणालात.” दुसरं, सर्वांना भजी-पाव. तिसरं, मूळ फीत कपाटातून काढून पुन्हा दुकानात नेणं.

तिसरं काम मनात उच्चारलं मात्र, आणि मी तिथेच थांबले. मूळ फीत कपाटात नव्हती. सीडी हातात आल्यावर एकाच मालाच्या दोन नोंदी कशाला, म्हणून फीत मी लाडूमामांना दिली होती. लाडूमामा सावंतवाडीकडचे, आमचा मळा बघतात. मिरचीवर पोपट फार येतात. फीत काठ्यांना ताणून बांधली की वाऱ्यावर चकाकते, गुणगुणते आणि पोपट उतरत नाहीत.

“फीत सुरक्षित आहे,” मी जाहीर केलं. “मळ्यात आहे.”

“मळ्यांत कितें करता ती?” काकांनी विचारलं.

“राखण.”

भर उन्हात बारा म्हातारे मिरचीच्या मळ्यात शिरले. (सुधीर आता बाहेर आला, मजा असेल तिथे तो येतो.) ‘द सेव्हन लँटर्न्स’ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिरच्यांवर झुलत होते. काका एका फितीला कान लावून उभे राहिले. पुरसोभाऊ दुसऱ्या फितीला.

“हीच ती! ही लायट गेली ती!”

“खुळो काय तू? ती हय आसा!”

लाडूमामा धावत आले. “वैनी, ह्यांका सांगा, रोपां तुडवू नकात!” मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “फीत मी कापलंय हां. धा-धा हात, वीस-वीस हात. अख्खी कशी बांधतलंय?”

तुकडे किती, हे त्यांनी मोजलं नव्हतं. क्रम लावला नव्हता. मी घरातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागवला.

सोडवायला सुरुवात केली. मी तुकडे गुंडाळून एकेकावर चिठ्ठी लावत होते आणि चाहते मला ते आणून देत होते, म्हणजे स्वतःभोवती गुंडाळून घेऊन येत होते. एकाच्या चष्म्यातून फीत सोडवायला पंधरा मिनिटं गेली. काका आणि पुरसोभाऊंनी एकच तुकडा दोन टोकांनी धरला. “सोड!” “तू सोड!” तो ताणला, आणखी ताणला, आणि त्याचे दोन झाले. मी दोन्हींना चिठ्ठी लावली.

मिंगेल एकटेच बांधावर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी लाडूमामांची रिकामी बाल्दी ओढून घेतली, पालथी घातली आणि दोन मिरचीच्या काठ्या उचलल्या. आधी हळू, चाचपत. मग अंगात काही शिरावं तसे हात सुटले! मळाभर लोक होते तिथे उभे राहिले. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो मांडवाचा ठोका नव्हता, एवढं मला तेव्हा कळलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांना धाप लागली आणि काठ्या थांबल्या.

आणि मळ्याच्या दोन टोकांवरून दोन म्हातारे एकाच वेळी ओरडले,

“लायट गेली, हात गेले काय रे?”

चिंचेवरचे सगळे पोपट एकदम उडाले. मिंगेल हसत हसत पुन्हा वाजवायला लागले.

“फितीपेक्षा ह्या बरा,” लाडूमामा आकाशाकडे बघत म्हणाले. “उद्या किती वाजता येतले हे?”

“मिंगेल, सांग, कोणाचो आवाज तो?” पुरसोभाऊंनी हाक मारून विचारलं.

“दोगांचेय म्हातारे जाल्यात,” मिंगेल म्हणाले. “ताज्या आवाजाची फीत हाडात, मागीर सांगतां.” म्हणजे आधी फीत आणा, मग निकाल.

जाताना मात्र काका आणि पुरसोभाऊ खांद्याला खांदा लावून चालत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं होतं, आणि तो मुद्दा मी होते.

पुढचे अकरा महिने मी तुकडे जोडले. म्हापशाच्या दुकानदाराने (मला बघून त्याने आधी हात जोडले) प्रत्येक तुकडा वाजवून दिला, मी क्रम लावला. टाळ्या आल्या, शिट्ट्या आल्या, ते रडणारं पोरही आलं. या वेळी मी काही म्हणजे काही काढू दिलं नाही. पाचवं गाणं संपतं, खट् असा आवाज येतो, मैदान “हाऽऽ” करतं, आणि पुढे थेट सहावं. सात मिनिटांचा तुकडा कुठेच नाही.

तो लाडूमामांनी शोधला. मळ्याच्या कडेला फणस आहे, त्याच्या शेंड्याला कावळ्याचं घरटं आहे, आणि त्या घरट्यातून काळी चकचकीत फीत लोंबते. नारळ काढणारा पाडेली दोनदा चढला आणि दोनदा टोचे खाऊन उतरला. आता म्हणतो, पिल्लं उडाल्याशिवाय चढणार नाही. मिंगेल दर रविवारी फोन करून पिल्लांची चौकशी करतात. काका आणि पुरसोभाऊ फणसाखाली दोन खुर्च्या टाकून बसतात आणि वारा आला की “आयक, आयक, म्हजो आवाज!” म्हणून एकमेकांना कोपराने डिवचतात.

तुकडा अजून उतरवायचा आहे. मी शिडी धरून खाली उभी राहते. वरून कावळीण मान वाकडी करून माझ्याकडे बघते. तिने बघावंच. आमच्या अख्ख्या आवारात ती फीत टाकाऊ नाही हे ओळखणारी बाई ती एकटीच निघाली.