दवंडीवाल्याला घोडा मिळाला

"आबा, हा घोडा कुणाचा?" मी विचारलं तोवर फ्लेक्स दोरीनं वर चढलासुद्धा होता.

"सटवाजीरावांचा की, मॅडम," आबा म्हणाले. "तुमच्या पुस्तकात न्हवता. ती कसर आम्ही भरून काढली."

आबा म्हणजे आमच्या भागाचे माजी नगरसेवक. निवडणूक जवळ आली की त्यांना इतिहासाचा उमाळा येतो. मी रेडिओची निवृत्त निवेदिका. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहून दिलेल्या बातम्या वाचल्या. आता इंग्रजांच्या काळातली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली माणसं शोधते आणि त्यांच्यावर लिहिते. पुस्तकं खपत नाहीत, त्यामुळे भांडणं होत नाहीत. या वेळी मात्र आबांनी पुस्तक वाचलं, म्हणजे कुणाकडून तरी वाचून घेतलं, आणि कोपऱ्यावरच्या चौकाला त्यातल्या सटव्याचं नाव द्यायचं ठरवलं. मला खरंच आनंद झाला होता. फ्लेक्स बघेपर्यंत तो टिकला.

माझ्या पुस्तकातला सटवा दवंडी द्यायचा. महारवाड्यातला माणूस. गळ्यात हलगी, पायात काही नाही. प्लेगच्या साथीत सरकारी पथक घरात शिरायचं आणि आजाऱ्याला उचलून गावाबाहेरच्या छावणीत न्यायचं. आपलं माणूस जगलं की मेलं, हेही मागच्यांना कळायचं नाही. सटव्याचं काम फक्त हुकूम ओरडून सांगायचं. तो हुकूम सांगायचा आणि मग पदरचं घालायचा. छावणीपर्यंत चालत जायचा, कुंपणाबाहेरून चौकशी करायचा आणि परत येऊन गल्लोगल्ली ओरडायचा, "अमक्याची आई जित्ती हाय, भात मागतीया!" ज्यांच्या उंबऱ्याजवळ त्याला फिरकता येत नव्हतं, ती घरं दाराआड कान लावून त्याची वाट बघायची. साहेबानं तंबी दिली. यानं ऐकलं नाही. काम गेलं आणि तो शिरोळकडे निघून गेला. मला विचाराल तर या गावातला पहिला बातमीदार तोच.

हे सगळं मला म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून मिळालं. त्याला ओरल हिस्टरी म्हणतात. माणसांना बोलू द्यायचं, रेकॉर्ड करायचं, त्यातल्या फुशारक्या वजा करायच्या आणि उरलेलं सरकारी दप्तराशी ताडून बघायचं. या रीतीनं घोडा कुठेच सापडला नव्हता.

फ्लेक्सवर तो पांढराशुभ्र होता. वर बसलेल्या इसमाच्या मिशा पिळदार, पागोट्याला मोत्यांचा तुरा, हातात उपसलेली तलवार. खाली 'सरदार सटवाजीराव चौक, नामकरण सोहळा'. बाजूला आबा, त्यांचे चिरंजीव आणि शुभेच्छुक. या मंडळींनी एवढी जागा घेतली होती की घोड्याला शेपूट उरली नव्हती.

"हा चेहरा कुठून आणला?"

"कॉम्प्युटरला सरदार काढ म्हणलं, त्यानं काढला."

"आबा, तो चालत जायचा. त्याच्या हातात हलगी होती."

आबांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. कोल्हापुरात आवाज खाली आला की समजावं, आता खरं बोलणं सुरू होणार.

"हलगी म्हणलं की लोकं इचारत्यात, कुठल्या वाड्यातला? सरदार म्हणलं की कोण कायबी इचारत न्हाय. इलेक्शन तोंडावर हाय, मॅडम. समजून घ्या की."

मी समजून घेतलं. माणसाला चौक द्यायचा होता, त्याची जात वगळून.

संध्याकाळी सोहळ्याला जयसिंगपूरहून एसटीनं सुशीलाताई आल्या. त्या सटव्याची पणती. निवृत्त नर्स. त्यांचं घर कधीच बौद्ध झालं, पण पणज्याची हलगी त्यांनी जपून ठेवली होती. हलगी म्हणजे काय, चामडं केव्हाच गेलेलं, नुसतं कडं. मंचावरच्या एका उत्साही कार्यकर्त्यानं ते हातात घेऊन विचारलं, "मावशी, चाळणीची जाळी कुठं गेली?"

ताईंनी कडं परत घेतलं आणि फ्लेक्सकडे बराच वेळ बघितलं.

"मॅडम, हे कोण वो?"

मला सांगताना लाज वाटली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला सत्कार नको, फेटा नको. माइकवरनं एकदा 'सटवा हलगीवाला' असं नाव घ्या. ह्या सरदाराला आमच्यात कोण वळखत न्हाय."

सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं. रेडिओतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक मरेपर्यंत फुकट सूत्रसंचालन करायला लावतात. हातात आबांची स्क्रिप्ट होती. तिच्यात सरदार शब्द एवढ्या वेळा आला होता की सटवा मधेमधे चुकून पडल्यासारखा वाटत होता. रेडिओत आमच्यावर बिंबवलेला नियम एकच, कागदावर आहे तेच वाचायचं. मग आठवलं, सटव्याचाही नियम तोच होता.

प्रमुख पाहुणे रीतीप्रमाणे उशिरा आले. त्यांच्या स्वागताला हलगीचा ताफा आणला होता. तो कडाडून थांबला आणि मी वाचायला लागले. "ज्यांच्या पराक्रमानं ही भूमी पावन झाली, ते सरदार..." आणि गप्प बसले.

रेडिओत याला डेड एअर म्हणतात. प्रक्षेपण चालू, पण आवाज नाही. आमच्याकडे यावर मेमो मिळायचा. पण एक खरं, गप्पा मारणारा माणूसही त्यानं दचकून वर बघतो. मांडवात सगळ्यांनी वर बघितलं. मग मी कागद खाली ठेवला.

"ऐका हो ऐका! हा चौक सटवा हलगीवाल्याचा. तो महारवाड्यातला. त्याला घोडा नव्हता. तुमच्या पणज्या छावणीत जिवंत आहेत का, हे तो चालत जाऊन बघून यायचा आणि तुमच्या दारात ओरडून सांगायचा. त्याची पणती समोर बसली आहे."

आबा ताडकन उठले. माइक माझ्या हातातून ओढणं पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं. म्हणून माझा आवाज बुडवायला त्यांनी ताफ्याकडे बघून हात हलवले. "वाजवा! वाजवा रं!"

आणि हलगी कडाडली. सगळा ताफा, जीव तोडून. आबांना ऐन वेळी याहून उचित मानवंदना सुचली नसती. सुशीलाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते रिकामं कडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. वाजवणाऱ्या पोरांनी ते बघितलं, चाळण कुणाला वाटली नाही, आणि ती वाजवत वाजवत ताईंच्या पुढ्यात आली. आबा "बास! बास!" करत होते. ते कुणाला ऐकू जाणार? माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

पुढच्या आठवड्यात फ्लेक्स बदलला. नाव 'सटवा हलगीवाला चौक'. तलवारीच्या जागी हलगी. आबा सगळीकडे सांगत सुटले की हलगी ही मूळ त्यांचीच कल्पना. घोडा मात्र त्यांनी सोडला नाही. मला सूत्रसंचालनाला आता कुणी बोलावत नाही, हा निव्वळ फायदा. या धंद्यात एवढं शिकले की इतिहासात दुरुस्ती करायची तर माइक हातात असेपर्यंतच, आणि तीही अर्धीच होते.

घोडा राहिलाच, म्हणून मी चडफडत सुशीलाताईंना फोन केला. त्या हसल्या.

"असू दे की मॅडम. एवढं चाललाय त्यो. जरा बसू दे."