मनुकांचं पाणी

लग्न होऊन मी नगरकडच्या कोरड्या मुलखातून पनवेलला आले तेव्हा मला चौथीपुरतं वाचता येत होतं आणि भीती मात्र सगळ्याचीच वाटत होती. खाडीच्या वाऱ्याची, ओल्या भिंतींची, गिरणीच्या भोंग्याची. नवरा भातगिरणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. आठवड्यातले निम्मे दिवस तो पळस्प्याच्या पुढे, कधी घाटावर, कधी महाडकडे. शेजारणी मनाने चांगल्या होत्या, पण त्यांचं बोलणं मला अर्धंच कळायचं. आम्ही ख्रिस्ती आहोत म्हटल्यावर एकीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग तू झगा नाय घालत?"

"नाही हो. आमच्याकडे लुगडंच."

तिला जरा वाईटच वाटलं. काहीतरी बघायला मिळेल म्हणून ती आली होती.

आमची मंडळी म्हणजे सात-आठ घरं. देऊळ नव्हतं. एका शाळामास्तरांच्या घराची पुढची खोली दर रविवारी रिकामी करायची, सतरंजी अंथरायची, टेबलावर धुतलेलं पांढरं कापड घालायचं, की झालं देऊळ. मास्तर मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब नसतील तेव्हा उपासना तेच चालवायचे, आणि त्यांची प्रार्थना इतकी लांबायची की मांडीवरची पोरं झोपून उठायची. पाळकसाहेब ठाण्याहून तीन महिन्यांतून एकदा यायचे. त्याच दिवशी प्रभुभोजन. एक भाकर मोडून सगळ्यांनी खायची, एकाच पेल्यातून सगळ्यांनी द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. द्राक्षं कुठली परवडायला? त्यात ती दारूबंदीची वर्षं. म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, त्यांचं गाळलेलं पाणी पेल्यात घालायची आमची रीत. भाकर आणि हे पाणी करायची पाळी घराघरांतून फिरायची.

पहिल्या रविवारी मी त्या घरापाशी जाऊन नुसतीच उभी राहिले होते. नवरा गाडीवर. एकटीने आत जायचं धैर्य होईना. पडवीत एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. पाय मिठागरात काम केलेल्यांचे असतात तसे, टाचा पांढऱ्या पडून फुटलेल्या.

"आत जा, बाय," ते म्हणाले. "आतली मान्सं खात नाय कोनाला. मास्तर बोलतात जास्त, येवढंच."

मी हसले आणि हसता हसता उंबरा ओलांडून गेले. ते काका मात्र पडवीतच राहिले. आत गीत सुरू झालं की बाहेरून त्यांचा आवाज यायचा, खणखणीत आणि सगळ्यांच्या किंचित मागून. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील, खाली बसून उठणं जमत नसेल. खरं कारण मास्तरीणबाईंनी वाल सोलताना सांगितलं.

"फार प्यायचे गं. एकदा तसेच प्रभुभोजनाच्या मेजेला आले. हातातून पेला निसटला, सगळं पांढऱ्या कापडावर. मंडळीने त्यांना मेजेपासून दूर ठेवलं. आता दारू सुटून कितीतरी वर्षं झाली, पण पडवी काही सुटली नाही."

"मग कोणी बोलावत का नाही?"

"बोलावलंय. हे स्वतः गेले होते त्यांच्या गावी. पाळकसाहेब येतील त्या रविवारी काका आत येणार, सगळ्यांबरोबर मेजेला बसणार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि या खेपेला पाळी तुमच्या घरची आहे बरं का."

ज्या माणसाने मला आत पाठवलं, त्याच्या आत येण्याच्या दिवशी भाकर माझ्या हातची, पाणी माझ्या हातचं. मी सगळं आई करायची तसंच करायचं ठरवलं. आई शुक्रवारी संध्याकाळी मनुका धुवायची, मडक्यात भिजत घालायची, फडकं बांधून कोपऱ्यात ठेवायची. रविवारपर्यंत पाणी काळंभोर आणि गोड व्हायचं. मीही तेच केलं. मुंग्या लागू नयेत म्हणून मडकं चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं.

आईच्या घरी वारा कोरडा होता आणि रात्री गार असायच्या. इथे पावसाळा नुकताच संपून उकाडा सुरू झालेला. या गावात मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यातच मऊ पडतो, हे मी रोज बघत होते. पण मडकं फळीवर ठेवताना ते मनात आलं नाही. आईने जे केलं ते चुकणार कसं?

रविवारी सकाळी मास्तरांच्या स्वयंपाकघरात मी फडकं सोडलं. वर फेस आला होता. आंबलेला, दारूसारखा वास दरवळत पुढच्या खोलीत गेला आणि मागोमाग मास्तर आत आले.

"हे काय?"

"मनुका," मी म्हटलं.

पाळकसाहेब मागून आले, वाकून वास घेतला आणि हसले. "मास्तर, शास्त्रात होता तो द्राक्षारस हाच की हो. आपण पाणी पितो, ते आपल्या सोयीने."

"साहेब, पलीकडच्या खोलीत हवालदार राहतो!"

"म्हणून म्हणतोय, हळू बोला."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमसुलं आहेत घरात. रंग तरी येईल."

"आमसूल द्राक्षवेलीला लागतं का?" मास्तर चिडले. "उद्या ताकही चालेल म्हणाल."

पाळकसाहेब पुढे काही बोलणार, तेवढ्यात मागच्या दारात काका दिसले. धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांनी मडक्याकडे बघितलंही नाही. मान वळवली आणि तोंड बाहेर करून उभे राहिले.

"मास्तर, आमी आज पडवीतच बसतो," ते म्हणाले. "ह्या वासाशी मना भांडन नको. नुस्ती भाकर आनून द्या बाहेर. पुढल्या टायमाला बघू."

मास्तर पाळकसाहेबांकडे बघत होते, पाळकसाहेब जमिनीकडे. पुढचा टाइम म्हणजे तीन महिने, आणि काकांचं वय सगळ्यांना दिसत होतं. नुसती भाकर पडवीत पाठवणं म्हणजे इतकी वर्षं चाललं तेच पुन्हा.

मी त्या मंडळीत कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. प्रार्थना करायला सांगतील म्हणून मान खाली घालून बसायची. पण त्या दिवशी माझाच आवाज मला ऐकू आला. "नाही. मी पुन्हा करते. मनुका उरल्यात, पिशवीत आहेत. भिजवत बसायचं नाही, उकळते. तुम्ही उपासना सुरू करा."

"वेळ लागेल," मास्तर म्हणाले.

"तुम्ही प्रार्थना करा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "लागेल तेवढा वेळ जाईल."

पाळकसाहेब मोठ्याने हसले आणि मास्तरांना हाताला धरून बाहेर घेऊन गेले. मास्तरीणबाईंनी मडकं मोरीत रिकामं केलं, वर बादलीभर पाणी ओतलं, राखेने मडकं घासलं आणि वास जाईपर्यंत खिडकीत उभ्या राहून पदराने वारा घातला. काका पडवीत गेले होते. मी चूल पेटवली.

ती उपासना मी भिंतीपलीकडून केली. बाहेर गीत सुरू झालं, मी पातेल्यात मनुका ढवळत तेच गीत म्हणत होते. पापाची कबुली आली तेव्हा मी मनुका पळीने चेचत होते आणि सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत होते. धुराने डोळ्यांना पाणी येत होतं. गावी देवळात मी नेहमी धास्तीत बसायची: बरोबर उभी राहिले का, पदर नीट आहे का, वाचताना अडखळले तर? त्या दिवशी हात कामात होते आणि धास्तीला शिरायला जागाच उरली नव्हती. उपासना म्हणजे सेवा, असं पाळकसाहेब नेहमी सांगायचे. मला ते पुस्तकातलं वाटायचं. चुलीपाशी ते कळलं आणि पुढे कधी विसरले नाही. एका माणसाने आपल्याबरोबर बसून खावं म्हणून जे करायचं ते नीट करायचं, आणि ज्याच्या नावाने करायचं त्याच्याशी करता करता बोलत राहायचं. एवढं मला जमत होतं. चौथीवालीलाही जमण्यासारखं होतं.

मास्तरांनी त्या दिवशी खरंच कमाल केली. आजारी, प्रवासी, विधवा, सरकार, सगळ्यांसाठी प्रार्थना झाली. मग खाडीत होड्या घेऊन गेलेल्यांसाठी, मग रस्त्यावरच्या ड्रायव्हरांसाठी. तिथे माझा हात थांबला. मग बहुतेक सुचेना म्हणून शाळेतल्या मुलांच्या परीक्षेसाठी. पाळकसाहेब मध्ये एकदा खोकले. पण बोलले काही नाहीत.

मी पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. निवायला वेळ नव्हता. पेला पदरात धरून पुढच्या खोलीत नेला तेव्हा काका उंबऱ्याच्या आत होते. त्यांना कोणी आणलं, की मास्तरांच्या त्या प्रार्थनेला कंटाळून स्वतःच आले, ते मला आजवर कळलेलं नाही. सतरंजीच्या कडेला गुडघे टेकून बसले होते, शेजारी रिकामी जागा होती. ती माझी होती.

भाकर फिरली. मग पाळकसाहेबांनी पेला उचलला, तो भाजला म्हणून चटकन दुसऱ्या हातात घेतला, आणि शास्त्रातलं वचन म्हणत पुढे दिला. एकेक जण घोट घेऊन शेजाऱ्याच्या हाती देत होता. काकांपाशी आला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि सगळे बघत होते. काकांनी पेला नाकाशी धरला. थांबले. मग त्यांनी घोट घेतला, हळू गिळला, आणि दोन्ही हातांनी पेला माझ्याकडे वळवला. पेला सरळ होता.

"जपून, बाय," ते पुटपुटले. "गरम हाय."

मी घेतला आणि प्याले. जीभ चांगलीच पोळली.