दाजींच्या खिडक्यांचं जवसतेल

दाजी गेल्याचा निरोप खामगावला एसटीच्या कंडक्टरनं आणला. सोनाळ्याला पोचलो तेव्हा ताई ओसरीत बसली होती आणि शेजारचे सुलेमानभाई, कोणी न सांगता, आल्यागेल्याला पाणी देत होते...

माझे हे मेहुणे मोठे हौशी. महाराष्ट्र नवा झाला त्या सुमारास त्यांनी घर बांधलं आणि खिडक्यांच्या सागवानी झडपांसाठी खामगावहून डबाबंद हिरवा रंग नेला. उन्हापावसात हलायचा नाही, असं दुकानदारानं सांगितलेलं. रंगवलेल्या झडपा अंगणात वाळत होत्या. सुलेमानभाईंची वगार, म्हणजे म्हशीची तरणी पारडी, दावं तोडून आली आणि ओला रंग चाटत राहिली. पुढं ती आंधळी झाली, भिंतीवर डोकं आपटू लागली आणि मेली. "रंगात शिसं असतं. गोड लागतं, म्हणून जनावर चाटतं," गुरांचे डॉक्टर म्हणाले.

दाजींनी आपली दुभती म्हैस नेऊन सुलेमानभाईंच्या गोठ्यात बांधली.

"दाजी, तुमी काय मुद्दाम केलं? दावं तं माह्या जनावरानं तोडलं."

"पण रंग मी आणला न."

मग त्यांनी धूळ उडू नये म्हणून पाणी मारत झडपा खरवडल्या. खरवड विहिरीपासून लांब, खोल पुरली. जवसाचं तेल उकळून त्यात गेरू कालवला. पहिला हात जाड बसला, चिकट राहिला, गावभरची धूळ त्यावर आली. ताई वैतागली, "काऊन एवढा जीव जाळता?" पुढच्या हिवाळ्यात चिंधीनं अगदी पातळ हात दिला, उन्हात वाळवला, मग दुसरा. तो टिकला. फिका पडला की खरवडायचं नाही, वरून तेल घासायचं. त्यांचं पाहून ज्यांनी हिरवा रंग घेतला होता, त्यांच्या दारोदार जाऊन त्यांनी हे सांगितलं. काही जण हसले.

मन मात्र निवलं नाही. सुलेमानभाईंकडून त्या म्हशीचं दूध यायचं. दाजी कोराच चहा प्यायचे. शेवटच्या दुखण्यात सुलेमानभाई स्वतः पेला घेऊन उशाशी बसले. दाजींनी त्यांचा हात धरून ठेवला... दूध घेतलं नाही.

या हिवाळ्यात ताईकडे गेलो, तर सुलेमानभाई खिडकीशी उभे राहून झडपेला तेल घासत होते. मला पाहून थांबले.

"ती म्हैस मी घ्यायलेच नको होती," ते म्हणाले. "मले वाटलं, घेतली तं त्याईच्या मनावरचं ओझं उतरन. पण मी घेतली, अन् त्याईचा गुन्हा पक्का झाला."

मी ताईकडून एक चिंधी मागून घेतली आणि दुसरी झडप घासायला लागलो.