समोरच्या दाराचं बोलावणं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढंच ना? — आणि ते एवढंच नाही.

आम्ही कतारमध्ये, मेसईदला कंपनीच्या वसाहतीत राहतो. समोरच्या दारात रिनी राहते. मिझोरमची, ऐझॉलची, ख्रिश्चन. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच प्लँटमध्ये आहे. तिचा चेहरा पाहून इथले दुकानदार तिला फिलिपिनो समजतात, आणि आपली माणसं — आपली माणसं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. मीही म्हणायचे. घरात, हळू आवाजात. चिनी.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं माझ्याकडे होतं. आमच्या वसाहतीत ते फोनवर करत नाहीत. करंडा घेऊन घरोघरी जायचं, कुंकू लावायचं, संध्याकाळी या म्हणायचं. मी सगळी घरं केली. रत्नागिरीच्या सलमाभाभींना कुंकू चालत नाही, म्हणून त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणजे बघा, धर्माचं कारणही माझ्याकडे नाही. रिनीच्या दारापुढून मात्र मी तशीच पुढे गेले.

का? फोटोसाठी. फोटो नाशिकला सासूबाईंना जाणार, नणंदांच्या ग्रुपवर फिरणार आणि कुणीतरी विचारणार — ही कोण गं तुमच्यात? तेवढ्यासाठी. मला कुणी अडवलं नव्हतं. कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

पण मला जे सांगायचंय ते हेही नाही. मी अजून आडूनच बोलते आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी दोह्याच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "उस दिन सब को बुलाया था क्या?" मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. विसरले म्हणाले असते तरी! पण माझ्या तोंडून निघालं, "मैंने तो बोला था. बाकी लेडीज नहीं मानी. बहुत झगडा किया मैंने तुम्हारे लिए."

तिने माझा हात धरला. दोहा येईपर्यंत सोडला नाही.

तेव्हापासून ती वसाहतीतल्या एकाही बाईशी बोलत नाही. फक्त माझ्याशी बोलते. जोशीकाकू विचारतात, "तुझी मैत्रीण आपल्यात का नाही गं येत? आमचं काही चुकलं का?" मी सांगते, तिला नाही आवडत असलं काही. इकडे एक खोटं, तिकडे एक — आणि मधे मी, दोघींच्याही लेखी चांगली. खरं सांगितलं तर रिनीची एकुलती एक मैत्रीण जाते. नाही सांगितलं तर ती अशीच घरात कोंडलेली राहते. आणि मला खरी भीती कशाची वाटते? ती माझ्याबद्दल काय म्हणेल, याची.

मागच्या महिन्यात शाळेच्या बसमध्ये मुलांनी तिच्या मुलाला डोळे ताणून दाखवले, चिंगचाँग म्हणून चिडवलं. ती माझ्याकडे आली — आणखी कुणाकडे जाणार? मी तिच्याबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापिकेपुढे आवाज चढवून बोलले. माझी मुलगी जितकी भारतीय तितकाच हा मुलगा, म्हणाले. मुलं हे शिकतात कुठून, घरातूनच ना, असंही म्हणाले. त्यातला शब्द न् शब्द मनापासून होता, यावर तुमचा विश्वास बसेल? माझा बसत नाही. मुलांनी माफी मागितली. बाहेर आल्यावर रिनी रडली. तू पहिल्यापासून अशीच आहेस, म्हणाली. मी तिची पाठ थोपटली.

आता पुन्हा संक्रांत आली आहे. बोलावणं यंदाही माझ्याकडेच. करंडा घासून ठेवला आणि ठरवलं, ह्या वेळी पहिलं दार तिचं. दोन्हीकडचं खोटं उघडं पडेल, पडू दे.

काल संध्याकाळी ती स्वतःच आली. आत आलीच नाही, दारातूनच म्हणाली, "इस बार मेरे लिए मत लडना. तुम अकेली पड जाओगी."

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "ठीक है."