गजभियेंच्या कयाकची चाकं

दिल्लीत बोट बाळगणारा माणूस तुमच्या ओळखीत असला, की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपोआप साठतात, बाल्कनीतल्या अडगळीसारखे. मग एखाद्या रविवारी आवरायला घ्यावं तर एकही टाकवत नाही.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर गजभिये साहेब राहतात. मूळचे भंडाऱ्याचे. सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात, म्हणजे धरणांच्या फायली पुढं सरकवण्यात गेली. त्यांच्या पत्नी आशाताई माझ्या जुन्या मैत्रीण. सरकारी शाळेत भूगोल शिकवायच्या. आयुष्यभर पोरांना भरती-ओहोटी शिकवली आणि स्वतः समुद्रात घोट्यापलीकडे कधी गेल्या नाहीत. रिटायर झाल्यावर नवऱ्याकडे एकच मागितलं, "मला समुद्र एकदा आतून बघायचाय."

साहेबांनी ते फार मनावर घेतलं. गुडगाव सोडून चाललेल्या कुणाकडून तरी दोघांची कयाक उचलली. कयाक म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट प्लास्टिकची होडी. कोकणात आशाताईंच्या मावसबहिणीचं घर अगदी किनाऱ्यावर, तिथं न्यायची ठरली. अडचण एकच होती. घर आणि पाणी यांच्यामध्ये भलीमोठी वाळू. होडी जड, आणि दोघांचेही गुडघे कुरकुरणारे. तेव्हा होडीखाली लावायला चाकांची गाडी हवी, असं ठरलं आणि सगळं तिथंच अडकलं.

•

पहिली मीटिंग माझ्याकडे झाली, पोह्यांवर. आम्ही चौघंही सरकारी नोकरीतले. चौथे म्हणजे वरच्या मजल्यावरचे पाठक, अकाउंट्समधून रिटायर झालेले. सरकारी माणसाला एखादी वस्तू आवडली म्हणून घेताच येत नाही. तीन कोटेशन लागतात, तुलना लागते आणि सगळ्यात स्वस्त असेल तेच घ्यावं लागतं. स्वतःच्या पैशानं घ्यायचं असलं तरी हात तसाच वळतो.

तीन प्रकार निघाले. कडक प्लास्टिकची बारीक चाकं, हवा भरायची रबरी चाकं, आणि फुग्यासारखी मऊ, जाड चाकं. फुगेवाली परदेशातून यायची, म्हणून ती पहिल्याच फेरीत बाद.

आशाताई म्हणाल्या, "अहो, गावातली चार माणसं बोलावली तर हातोहात उचलून नेतील की."

पाठक गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तो पर्याय कोटेशनमध्ये बसत नाही."

आम्ही सगळे हसलो, आशाताईसुद्धा. त्या दिवशी कुणीतरी न हसता त्यांचं ऐकायला हवं होतं, असं आता फार वाटतं.

•

बारीक चाकं आली. पण ट्रायल घ्यायला दिल्लीत वाळू कुठली? शेजारच्या प्लॉटवर बांधकामाचा ढीग होता, पण हवा बिघडल्यामुळं काम बंद आणि वाळूवर हिरवी जाळी. आम्ही कयाक घेऊन तिथं पोचलो तर गार्ड आडवा आला.

"साहब, पॉल्यूशन में रेत हिलाना मना है."

"हिलाना नहीं है यार, ऊपर से जाना है," साहेब म्हणाले.

त्यानं एकदा होडीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि जाळीचा एक कोपरा उचलून दिला. चाकं दोन हात पुढं गेली आणि सुरीसारखी आत रुतली. होडीचं पोट वाळूला टेकलं.

गार्ड अगदी मायेनं म्हणाला, "साहब, समंदर अभी दूर है."

ती थंडी तशीच गेली.

•

मग पाठकांनी रबरी चाकं शोधून आणली. वाळूवर हवा कमी ठेवायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि वरच राहतो, एवढं आम्ही वाचून ठेवलं होतं. पंक्चरवाल्याला तसं सांगितलं. पण आमचं लक्ष नाही असं बघून त्यानं टायर टणक भरले. विचारलं तर म्हणतो, "मेरी दुकान से आधी हवा लेके आज तक कोई नहीं गया."

यमुनेच्या काठी, खरबुजाच्या वाड्यांजवळ ट्रायल झाली. चाकं पुन्हा रुतली. साहेब आणि पाठक हवा सोडत बसले. आशाताई चपला हातात घेऊन पाण्याकडं बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी इथंच बसू का, यमुनेतच?"

पाण्यावर सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगत होता. साहेब मान खाली घालून हवा सोडत राहिले.

•

शेवटी फुगेवाली मागवायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मे महिन्यात ऊन, मग पावसाळ्यात समुद्र बंद, मग दिवाळीला मुलगा येणार. ऑर्डर दिली तेव्हा पुन्हा स्वेटर निघाले होते.

त्याच थंडीत एका सकाळी आशाताईंच्या हातातून चहाचा कप निसटला. उजवी बाजू गेली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पाठक गजभिये साहेबांजवळ आले. म्हणाले, "चाकं आली."

साहेबांनी विचारलं, "गाडीचा दांडा बसतोय का होडीच्या भोकात?"

"बिल्कुल बसतोय," पाठक म्हणाले, आणि साहेब तिथंच बाकावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागले.

•

पुढच्या वर्षी आशाताई उशीच्या आधारानं बसायला लागल्या. शब्द अडखळत, पण येत. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पाण्यात उतरायला नाही. आम्ही चौघं गेलो. कयाक आधीच ट्रकनं पोचली होती.

मावसबहिणीच्या घरच्यांनी आशाताईंना लाइफ जॅकेट घालून पुढच्या सीटवर बसवलं. साहेबांनी दोरी ओढली आणि काय सांगू, त्या जाड चाकांवर होडी अशी सुळकन निघाली की एका हातानं ओढावी. ओहोटी होती, वाळू संपता संपेना, पण कुठं म्हणून रुतली नाही. पाठक मागून चालत नुसते डोळे पुसत होते.

पाण्याच्या कडेला साहेब थांबले. एक लाट खालून आली. चाकांत हवा भरलेली, त्यामुळं सगळी होडीच चाकांसकट उचलली गेली आणि अलगद खाली बसली. आशाताई हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. दुसरी लाट आली, तिसरी आली. साहेब गुडघाभर पाण्यात, टोक दोन्ही हातांनी गच्च धरून उभे.

"सोडा," आशाताई म्हणाल्या.

"डॉक्टर नाही म्हणालेत."

"सोडा हो."

"सोडलं तर जाशील तू, आशा."

आशाताईंनी समुद्राकडं बघितलं, मग साहेबांच्या हातांकडं बघितलं. एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मग... आणलंत कशाला?"